मुदतीचा रकाना

आराखड्याच्या तक्त्यात रकाने चार:
काम, कोणाकडे, खर्च, मुदत.
एकशे बारा ओळी, आणि त्या भरणारी मी एकटी.

छपरांवर गवत: तीस सालापर्यंत.
शाळेच्या अंगणातलं डांबर उखडून माती मोकळी करणं: येत्या उन्हाळ्यात.
सगळ्या बस विजेवर: पस्तीस, जमलं तर.
(‘जमलं तर’ मी खोडते. साहेब पुन्हा लिहितात.)

सत्तेचाळिसावी ओळ:
कालव्याकाठचा पंप. काम, पाणी उपसणे.
मुदत, कायम.

संगणक म्हणतो: तारीख चुकीची आहे.

रूरच्या या खोऱ्यात दीडशे वर्षं
आम्ही खालून कोळसा काढला
आणि वर राहत राहिलो.
जमीन बसत गेली, आवाज न करता,
बेकरीसकट, चर्चसकट, बीअरच्या दुकानासकट
अख्खी वस्ती बशीसारखी खोल झाली.
नदी आता आमच्या डोक्यावरून जाते,
दोन बांधांच्या मधून, परक्यासारखी.
खाण बंद झाली तेव्हा बँड वाजला,
शेवटचा ढेकूळ काचेच्या पेटीत ठेवला.
पंप बंद करायचं कुणी बोललं नाही.

येटकिनचा बाप झोंगुलदाकहून आला होता,
एका खाणीतून दुसऱ्या खाणीत.
तो कोळसा उपसायचा. पोरगा पाणी उपसतो.
‘थांबला तर काय होईल?’ मी विचारलं होतं.
‘आधी तळघरं,’ तो म्हणाला,
मग थर्मासचं झाकण घट्ट करत राहिला
गरजेपेक्षा जास्त वेळ.

नागरिकांची सभा शाळेच्या व्यायामशाळेत झाली.
एकोणीस माणसं, चाळीस खुर्च्या.
पडद्यावर हिरवे बाण, निळे बाण,
सन पंचेचाळीसचं शहर, त्यात सगळे सायकलवर आणि सगळे तरुण.
एडेलट्राउट शिमानियाक, वय चौऱ्याऐंशी,
पर्समधून एक गोटी काढून उठल्या.
‘माझ्या स्वयंपाकघरात ही सोडली
की आपली आपण खिडकीकडे जाते.
नवरा असताना दाराकडे जायची.’
त्यांनी गोटी जमिनीवर ठेवली.

व्यायामशाळा नवी, फरशी सपाट.
गोटी हलली नाही.
एकोणीस माणसं तिच्याकडे बघत होती,
साहेबांच्या हातात रिमोट तसाच.
‘आता हिला खोटं ठरवू नका,’ बाई म्हणाल्या
आणि वाकून उचलायला गेल्या तर
मागच्या रांगेतला शाळकरी पोरगा धावला.
तोच नंतर म्हणाला: कायम म्हणजे
मी म्हातारा होईपर्यंत, की त्याच्यापुढेही?
इतिवृत्तात मी लिहिलं: ‘एक प्रश्न आला.’

चंद्रसूर्य असेतोवर, असं दगडावर कोरून
गावं दान देणारे राजे होते कुठे कुठे.
मोडेल त्याला शिव्याही कोरत.
त्यांचं बरं होतं.
दान एकदा द्यायचं असतं,
विजेचं बिल दर महिन्याला येतं.
आणि आम्ही तर काही दिलेलंही नाही,
घेतलं, शेकलो,
आणि जे अजून जन्मले नाहीत
त्यांच्या नावावर एक पाळी लावून ठेवली.

रात्रीचे आठ. खाली सफाईवाला दिवे मालवत येतोय.
मी रकान्यात टंकते: ३१ डिसेंबर ९९९९.
संगणकाला चालतं.
वर तो अदबीनं विचारतो,
मुदतीच्या तीस दिवस आधी आठवण पाठवू?
मी ‘हो’ म्हणते.
कोणाला?
बोटं थांबतात.
मग कार्यालयाचाच पत्ता घालते, दुसरा कुठला घालणार.

घरी जाताना कालव्यावरून जाते.
पंपघराची खिडकी पिवळी. आत गुरगुर,
आजारी माणसाच्या उशाशी बसावं
तशी सवयीची.
सकाळी सहाला येटकिनला सोडवायला
ती नवी पोरगी येईल, लिओनी, अजून शिकाऊ.
किल्ली देताना ते एकमेकांना रोज काय सांगतात
मी एकदा ऐकलंय.
‘विशेष?’
‘काही नाही. चालू आहे.’